गिऱ्हाईक, मालक आणि कामावरचा माणूस



बारावीच्या व्यवसाय अध्ययनाच्या पुस्तकात ‘नियुक्तिकरण’ नावाचा एक पाठ आहे. माणसे कशी निवडावीत, त्यांना काम कसे शिकवावे, हे त्यात दिले आहे. त्यानंतर बऱ्याच पानांनी ‘उपभोक्ता संरक्षण’ हा पाठ येतो. त्यात ग्राहकाचे हक्क आहेत. परीक्षेत दोन्हींवर वेगवेगळे प्रश्न येतात, म्हणून मुले दोन्हींची उत्तरे वेगवेगळी पाठ करतात. आमच्या मते हे दोन पाठ एकमेकांना लागूनच यायला हवे होते. दुकानात किंवा कारखान्यात कामावरच्या माणसाला जसे वागवले जाते, ते फार दिवस दडून राहत नाही. ते मालातून, बोलण्यातून, चेहऱ्यावरून गिऱ्हाइकापर्यंत पोचतेच.

हा विषय या अंकासाठी घेण्याचे कारण सरळ आहे. आपल्या शाळेतून बारावी झालेली मुले-मुली दर वर्षी कामाला लागतात. कोणी बोरगावच्या कारखान्यांत जातो, कोणी नागपूर-बुटीबोरीकडे, तर कोणी सौंसरच्याच बाजारात कापडाच्या, किराण्याच्या, मोबाईलच्या दुकानात लागतो. आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यांपैकी काही जण याच शाळेचे पालक आहेत. म्हणजे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत.

आधी शब्दाविषयी थोडे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ‘पेशेवर’ हा शब्द आहे. तो वकिलाला, खेळाडूला लागतो आणि सराईत गुन्हेगारालाही लागतो. मराठीत ‘धंदेवाईक’ म्हटले की माणसाला कमीपणा येतो, आणि ‘व्यावसायिक’ म्हटले की हॉटेलातल्या गॅस सिलिंडरची आठवण होते. इंग्रजीतून आलेला ‘प्रोफेशनल’ हा शब्द आता सगळे वापरतात, पण त्याचा अर्थ मुलांना विचारला तर ती टाय, बूट आणि इंग्रजी बोलणे असा सांगतात. आपल्या आजोबांच्या पिढीत यासाठी साधे बोलणे होते : ‘तो आपल्या कामाचा पक्का आहे.’ त्या बोलण्यात टाय नव्हता. वेळ, शब्द, माप आणि हिशोब एवढे होते. या लेखात तोच अर्थ धरला आहे.

आता उदाहरण. सौंसरहून ६०-७० किलोमीटरवर नागपूर. १९५६ पर्यंत ती आपल्या प्रांताची राजधानी होती. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसे कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी नागपूरच म्हणत. आजही बरेच जण तसेच करतात. त्या नागपुरात आता जेथे एम्प्रेस नावाचा मोठा मॉल उभा आहे, तेथे पूर्वी कापडाची गिरणी होती. मुले मॉल पाहून येतात, सेल्फी काढून येतात. गिरणीचे नाव त्यांना ठाऊक नसते. म्हणून तिची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. त्या काळी कापडाची गिरणी म्हटली की मुंबई. टाटांनी मात्र नागपूर निवडले. कापूस वऱ्हाड-नागपुरात पिकतो, कोळसा वरोऱ्याला निघतो आणि माल घेणारी बाजारपेठही जवळच, मग कापूस मुंबईला नेऊन कापड परत इकडे का आणायचे, असा त्यांचा हिशोब. जागा मिळाली ती तलावाजवळची, दलदलीची. भराव घालण्यातच पुष्कळ पैसा गेला. नागपुरातल्या एका सावकाराने या उद्योगात पैसा घालायला नकार दिला होता, हा माणूस सोने मातीत पुरतो आहे असे तो म्हणाला आणि पुढे त्यानेच, नाही, याने मातीचे सोने केले, अशी कबुली दिली, ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत नेहमी सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून नाव ‘एम्प्रेस’.

सुरुवातीला यंत्रे स्वस्तातली घेतली होती. त्यामुळे सूत आणि कापड बेताचेच निघे. टाटांनी यंत्रे बदलली. पुढे १८८० च्या दशकात सूत कातण्याची ‘रिंग’ पद्धत नवी आली. खुद्द इंग्लंडमधल्या यंत्रवाल्यांना तिच्याविषयी शंका होती, तेव्हा नागपुरात तिचा प्रयोग करून पाहिला गेला आणि तो यशस्वी झाला. हा भाग यंत्राचा झाला. पैसा असला तर यंत्र बदलता येते. माणसांचा प्रश्न अधिक अवघड होता.

टाटांनी गिरणीवर व्यवस्थापक म्हणून बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. ते आधी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात होते. कापडाचा त्यांना अनुभव नव्हता. गिरणीचे तंत्र इंग्रज तंत्रज्ञ सांभाळत. बेझनजींच्या वाट्याला माणसे आली. आणि माणसे कामावर येतच नव्हती! रोज हजेरीवर बरीच नावे गैरहजर असत. इकडची माणसे शेतीवर वाढलेली. पेरणी आली, कापणी आली, सण आला, पाहुणे आले, की माणूस गावी गेला. हातात थोडा पैसा जमला की चार दिवस आराम. भोंगा वाजला की यायचे आणि भोंगा वाजला की जायचे, ही गोष्टच त्यांना नवी होती. (आपल्याकडे संत्र्याच्या हंगामात वर्गात किती मुले बसतात ते शिक्षकांना विचारावे, म्हणजे १८७७ सालचे नागपूर डोळ्यांपुढे येईल.)

अशा वेळी मालकाच्या मनात पहिला उपाय येतो तो दंडाचा. पगार कापा, नाव काढा, दुसरा आणा. त्या काळी हेच सर्रास चालत असे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला १८८१ मध्ये, आणि तो मुख्यतः लहान मुलांच्या कामाच्या तासांपुरता होता. मालकाला अडवणारे काही नव्हते. तरी एम्प्रेस मिलने दुसरी वाट धरली. कामगारांसाठी निधी उभारला, विम्याची सोय केली. खेळांचे दिवस ठेवले, कुटुंबांसह मेळावे भरवले आणि त्यांत चांगले काम करणाऱ्यांना बक्षिसे दिली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई मिळू लागली. सूतखात्यात हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारी पाण्याची फवारणी बसवली गेली. नव्या शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन काम शिकवण्याची पद्धत पडली.

या सनावळ्या पाठ करण्यापेक्षा त्यांच्या शेजारी दुसऱ्या ठेवून पाहाव्यात. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात झाला १९२३ मध्ये, म्हणजे नागपूरच्या गिरणीनंतर २८ वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला, आणि देशाच्या कायद्यात तो कारखान्यांसाठी पक्का व्हायला १९४८ साल उजाडले. कायदा येण्याची वाट न पाहता मालक काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

येथे हुशार विद्यार्थी विचारील : हे सगळे दयेपोटी केले का? आम्हाला वाटते, निव्वळ दया म्हणून केले असते तर ते टिकले नसते. रोज नवा माणूस मागावर उभा केला तर धागा तुटतो, कापडात दोष राहतो आणि तो दोष बाजारात गिऱ्हाईक बोटाने दाखवतो. कापड पारखणारी बाई ‘सूत बारीक आहे पण वीण सैल आहे’ असे म्हणते, तेव्हा ती मागावरच्या माणसाविषयीच बोलत असते, तिला ते ठाऊक नसले तरी. सौंसर-लोधीखेड्याच्या हातमागावरच्या जुन्या कोष्टी कुटुंबांना हे सांगायची गरज नाही. तेथे मालक, कामगार आणि विकणारा एकाच घरात असत आणि सैल विणीचा जाब घरातच विचारला जाई. गिरणीत ते तिघे वेगळे झाले, म्हणून हा सारा उपद्व्याप करावा लागला.

पण चित्र पुरे दाखवावे. गिरणीधंद्याच्या त्या मानाच्या व्यवस्थेत सगळी माणसे सारखी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार जास्त, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण असे सांगितले जाई की धोट्यातला धागा ओठांनी ओढावा लागतो आणि दुसऱ्यांना तो विटाळ वाटतो. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांच्या मागण्या करणाऱ्यांनाही त्यांनी विचारले की या मागणीचे काय? कर्मचाऱ्यांचा मान हा विषय शिकताना हा प्रश्न गाळला तर शिकणे अपुरे राहते. आजही एखाद्या ठिकाणी चहाचा कप एकाचा वेगळा ठेवलेला दिसला, तर तेथे बाकीच्या सोयी कितीही असोत, त्या जागेचे मोजमाप त्या कपावरून करावे.

आणि गिरणीचा शेवटही सांगायला हवा. कापडगिरण्यांना वाईट दिवस आले. १९८६ मध्ये एम्प्रेस मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. माणसांना चांगले वागवले तर धंदा कधीच बुडत नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. धंदे यंत्रामुळे, धोरणामुळे, काळामुळेही बुडतात. पण शंभरावर वर्षे जी गिरणी चालली, तिच्या पहिल्या दहा-वीस वर्षांत माणसे कशी टिकवली गेली, याचा त्यात वाटा नव्हता असे म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आणि शेतकऱ्याच्या कामाचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. नोकरी सोडून बेळगावला आले, सायकली विकल्या, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करू लागले. नांगर चांगला होता, पण शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते असा समज होता. पहिले काही नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे गेली. गिऱ्हाईक अडाणी आहे म्हणून किर्लोस्कर चिडले असते तर गोष्ट तेथेच संपली असती. त्यांनी नांगर शेतात चालवून दाखवला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले, तेथे किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तेथे पहाऱ्यावर नेमले होते, असे सांगतात. विश्वास टाकल्यावर माणूस कसा उभा राहतो याचा तो धडाच होता.

या कारखान्याची एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून फार आवडते. १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर ते चालवत. कारखान्यात काय चालले आहे, नवे यंत्र कसे वापरायचे, हे आपल्या माणसांना आणि गिऱ्हाइकांना कळावे, एवढाच मूळ हेतू. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे मासिक उभे राहिले, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. मराठी घराघरांत वाचली गेलेली ही मासिके एका नांगराच्या कारखान्याच्या पत्रकापासून निघाली! आणि पाहा, ते पत्रक कामगार आणि गिऱ्हाईक दोघांसाठी एकच होते. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगायचे नव्हते.

मुंबईचे डबेवाले सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली माणसे, बहुतेक कमी शिकलेली. झाकणावरच्या रंग, आकडा आणि अक्षरांच्या खुणेवरून डबा घरून कचेरीत आणि परत. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यासप्रकरण लिहिले. २०२० च्या टाळेबंदीने या धंद्याला मोठा फटका बसला आणि डबेवाल्यांची संख्या पूर्वीइतकी राहिली नाही. लोक त्यांच्या अचूकपणाचे कौतुक करतात. आम्हाला त्यातले दुसरेच महत्त्वाचे वाटते : त्यांच्यात कोणी कोणाचा नोकर नाही. प्रत्येक जण भागीदार आहे. डबा चुकला तर तो मालकाचा नाही, स्वतःचा चुकतो. आपल्या मध्यप्रदेशातही असे उदाहरण आहे. जबलपूरच्या सोसायटीची इंडियन कॉफी हाउसे अनेक शहरांत आहेत. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. तुऱ्याचा फेटा बांधून डोसा आणणारा जो माणूस आहे, तो त्या संस्थेचा सभासद असतो. पुढच्या वेळी तेथे गेलात तर त्याच्या चालण्याकडे लक्ष द्या. तो घाईत असतो, पण बिचकत नसतो.

आता सौंसरकडे येऊ. आपल्या बाजारात सगळेच काही भागीदार होणार नाहीत. मालक राहणार, कामावरचा माणूस राहणार. मग काय करता येईल?

मध्यप्रदेशात दुकानाच्या परवान्याला लोक ‘गुमास्ता’ म्हणतात. तो चौकटीत घालून गल्ल्यामागे लावलेला असतो, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. गुमास्ता म्हणजे कोण? दुकानात मालकाच्या वतीने काम पाहणारा माणूस. मालक ज्या कागदाची पूजा करतो त्याला नाव कामावरच्या माणसाचे आहे! हा परवाना १९५८ च्या दुकान व आस्थापना कायद्यातून आला आणि त्याच कायद्यात आठवड्याला एक दिवस सुट्टीची तरतूद आहे. परवाना चौकटीत आणि सुट्टी मात्र ‘काम असेल तर पाहू’, असे आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालते. हे आम्ही कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. पण म्हणतो आहोत.

शाळा तरी यातून कशी सुटेल? सरकारी कागदांत शिपायाला ‘भृत्य’ लिहितात. भृत्य म्हणजे चाकर. आपल्या शाळेत मुले त्यांना ‘काका’ म्हणतात. पहाटे फाटक उघडणारे आणि संध्याकाळी दिवे मालवून जाणारे तेच. कागदावरचा शब्द बदलणे आमच्या हाती नाही. तोंडचा शब्द आहे.

आपल्या एका माजी विद्यार्थिनीने आम्हाला सांगितलेली गोष्ट. बारावीनंतर ती एका मोठ्या शहरात कापडाच्या दुकानात लागली. पगार ठरल्याप्रमाणे मिळाला, वेळेवर मिळाला. पण दोन महिन्यांत मालकाने तिला नावाने हाक मारली नाही. ‘ए पोरी, तो ठाण काढ.’ दिवसाचे दहा तास उभे राहायचे, गिऱ्हाईक नसले तरी, कारण बसलेले दिसले तर दुकान रिकामे वाटते. संध्याकाळी पाय सुजत. ती म्हणाली, ‘सर, सहानंतर कोणी साडी दाखवा म्हटलं का, मनात यायचं, हे इथून जाईल तर बरं.’ ते गिऱ्हाईक कदाचित मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला आले असेल. त्याला काय कळणार की ही मुलगी नीट का दाखवत नाही? तो एवढेच म्हणणार की या दुकानात बोलणे बरोबर नाही, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाणार. मालक म्हणणार, आजकालची पोरे कामाची नाहीत. आणि एक साधे स्टूल ठेवले असते तर यातले काहीच झाले नसते.

स्टुलाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. केरळात कापड दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे आवाज उठवला. २०१८ मध्ये तेथे दुकान कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय देणे बंधनकारक झाले. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला पाहायची? स्टुलाला खर्च किती येतो?

मालकांची बाजूही आम्हाला ठाऊक आहे. छोट्या दुकानात नफा थोडा, उधारी फार, आणि आता मोबाईलवरून माल घरपोच मागवणारे गिऱ्हाईक. अशात पगार एकदम वाढवणे प्रत्येकाला जमेल असे नाही. पण नाव घेऊन हाक मारणे, जेवायला अर्धा तास, पगाराची तारीख पक्की, आणि चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर न बोलता मागे बोलावून सांगणे, या गोष्टींना गल्ल्यातून काही काढावे लागत नाही. गिऱ्हाइकासमोर ज्याचा पाणउतारा झाला, तो त्या गिऱ्हाइकाला पुढे कधी डोळ्याला डोळा देऊन माल दाखवू शकत नाही, हे आम्ही बाजारात पाहिले आहे.

मुलांनो, आता तुमची बाजू. कामाचा पक्का असणे हे मालकावर उपकार नाहीत. उशीर होणार असेल तर आधी फोन करावा. ‘गाडी चुकली’ हे अकरा वाजता सांगण्यात अर्थ नसतो. काट्यावर हात ठेवून माल मोजू नये. गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन गेले तर मागे धावत जाऊन परत करावे. जे ठाऊक नाही ते ‘विचारून सांगतो’ म्हणावे. ठोकून द्यायचे नाही. मोबाईलच्या दुकानात तर हे फारच होते. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला नको असलेला महागडा रिचार्ज मारून दिला की त्या दिवसाचा धंदा होतो, पण तो आजोबा गावात जाऊन सांगतो आणि गाव दुकान बदलते. मालकाने असे करायला सांगितले तर काय करायचे, हा अवघड प्रश्न आहे. नाही म्हणणे सोपे नसते, घरी पैशाची गरज असते. पण ज्या दुकानात पहिल्याच आठवड्यात खोटे बोलायला शिकवतात, तेथून उद्या तुमच्या पगाराचा हिशोब खरा मिळेल असे समजू नये.

भाषेचेही एक आहे. आपली मुले नागपूरला गेली की ‘तुम्ही एम.पी.चे’ म्हणतात आणि भोपाळ-इंदूरला गेली की ‘तुम मराठी हो’ म्हणतात. त्यामुळे काही जण बोलायलाच दबतात. त्यांनी उलट विचार करावा. सौंसरचा मुलगा एका गिऱ्हाइकाला ‘काय पाह्यजे भाऊ’ आणि दुसऱ्याला ‘क्या दिखाऊँ भैया’ त्याच दमात म्हणू शकतो. सीमेवर राहण्याचा हा फायदा पुस्तकात मिळत नाही. कामाच्या मुलाखतीत ही गोष्ट जरूर सांगावी.

शेतकरी पालकांना वाटेल, आमचा यात काय संबंध? संत्रा बगीचा हासुद्धा धंदाच आहे. आंबिया बहाराचा माल निघतो तेव्हा तोडाईला मजूर लागतात, छाटणीला बाया बसतात. देठाला धक्का लागला, साल सोलवटली, तर संत्री वाटेतच सडतात. ते हात घाईत आहेत की जपून काम करताहेत, हे दूरच्या मंडीत पेटी उघडल्यावर कळते. उन्हात पाण्याचा माठ न ठेवता आणि मजुरीसाठी दोन-दोन हप्ते फिरवून, त्याच हातांकडून जपून तोडण्याची अपेक्षा करणे हिशोबात बसत नाही. आणि पेटीत वर मोठी फळे, खाली बारकी, ही युक्ती तर कोणालाच नवी नाही. व्यापारी ती पहिल्या वर्षी सोसतो आणि दुसऱ्या वर्षी भावात कापून घेतो. त्यात शेजारच्या प्रामाणिक बागाइतदाराचाही भाव कापला जातो.

ग्राहकाविषयी एक पाटी पुष्कळ दुकानांत लावलेली असते. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, अशा अर्थाची, आणि खाली महात्मा गांधींचे नाव. गांधीजींच्या समग्र लेखनात हे वाक्य सापडत नाही. कोणीतरी ते त्यांच्या नावावर चढवले आहे. आम्हाला त्या पाटीचा राग नाही. पण तिच्यामुळे एक गैरसमज होतो की ग्राहकाला गोड बोलले की झाले. ग्राहकाला देव म्हणायचे आणि तक्रार घेऊन आला की ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुसरी पाटी दाखवायची. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा, नवा २०१९ चा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा. ज्या दुकानात कामावरच्या मुलाला ‘हा माल खराब निघाला, बदलून देतो’ एवढे स्वतः म्हणायची मोकळीक आहे, तेथे मात्र या क्रमांकाची वेळ सहसा येत नाही. मोकळीक नसेल तर तो मुलगा मालकाकडे पाहतो, मालक मोबाईलमध्ये पाहतो, आणि ग्राहक दोघांकडे पाहत उभा राहतो.

आता अभ्यास. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी येत्या रविवारी, बाजाराच्या दिवशी नव्हे, तर दुकानदार निवांत असेल अशा दिवशी, आपल्या ओळखीच्या एका दुकानात परवानगी घेऊन अर्धा तास बसावे. किती गिऱ्हाइके आली आणि किती जण काही न घेता गेले, हे मोजावे. कामावरच्या माणसाला मालकाने कोणत्या शब्दाने हाक मारली, तो शब्द जसाच्या तसा लिहावा. त्याच्या बसण्याची सोय कोठे आहे, ते पाहावे. निघण्यापूर्वी त्या माणसाला त्याचे पूर्ण नाव विचारावे. ते मात्र वहीत लिहू नये, लक्षात ठेवावे आणि पुढच्या वेळी त्या नावाने बोलावे. दुकानाचे नावही लिहू नये. ज्यांच्या घरचेच दुकान आहे त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात जावे. वह्या दुसऱ्या सोमवारी प्रार्थनेनंतर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. त्या आम्ही स्वतः वाचणार आहोत.